हाड दिसले की जेसीबी थांबला पाहिजे

हिंगोली जिल्ह्यात या उन्हाळ्यात जिथे जिथे माती उकरली जाणार आहे, तिथल्या प्रत्येक ठेकेदाराने, मुकादमाने आणि मशीन चालवणाऱ्याने हे वाचावे. ज्याला वाचायला सवड नाही त्याला कुणीतरी वाचून दाखवावे. खोदताना माणसाचे हाड दिसले की काम तिथल्या तिथे थांबले पाहिजे. हाड उचलायचे नाही, गोणीत भरायचे नाही, मुरमाखाली दाबायचे नाही आणि फोटो काढून गावभर फिरवायचे नाही. येत्या 1 मेपर्यंत आम्ही विनंती करू. त्यानंतर फिर्याद करू.

जिल्ह्यात कामे थोडीथोडकी नाहीत. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंतचा शक्तिपीठ महामार्ग 12 जिल्ह्यांतून आखला गेला, त्यात हिंगोली आहे. तो हवा की नको, हा वेगळा वाद आहे. ज्याची हळदीची जमीन जाणार आहे त्याचे म्हणणे आधी ऐकावे, एवढेच त्याबद्दल इथे म्हणतो. शिवाय जलजीवनचे चर आहेत, घरकुलांचे पाये आहेत, शेततळी आहेत. मोठ्या प्रकल्पाला निदान फलक असतो, अभियंता असतो, विचारायला एक पत्ता असतो. रात्री दोन वाजता पांढरीला लागणाऱ्या टिप्परला यातले काहीच नसते, आणि आमची खरी धास्ती तीच आहे.

पांढरी म्हणजे काय, हे गावात कुणाला शिकवायला नको. कसायची ती काळी, राहायची ती पांढरी. उठून गेलेल्या वस्तीची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती शेकडो वर्षे साचून तो उंचवटा झालेला असतो. माळवदावर टाकायला, रानात खत म्हणून पसरायला ती माती पिढ्यान्‌पिढ्या नेली जाते. पहिला पाऊस पडून गेला की तिथे खापरे उघडी पडतात, मणी सापडतात, एखादे नाणे हाती लागते. जिथे माणसे राहिली तिथेच ती मेली, आणि त्यांना फार लांब नेलेले नसते.

किती जवळ, ते इनामगावला दिसले. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांत जमिनीखालीच दफने निघाली. लहान मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि वर पुन्हा सारवलेली जमीन. मोठ्या माणसाला उताणे निजवलेले, डोके उत्तरेला, आणि घोट्यापासून खाली पाऊल तोडलेले. का तोडत असतील, यावर विद्वानांचे तर्क आहेत. मेलेला उठून पळू नये म्हणून, असे पुष्कळांना वाटते. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात एक माणूस बसवलेला सापडला, आणि त्याची पावले शाबूत होती. त्याचा मान वेगळा असावा.

आता हेच जेसीबीच्या दातांना लागले तर काय दिसेल ते पाहा. तांबडी फुटकी खापरे. आत करड्या मातीचा गोळा. त्यात काडीएवढ्या बरगड्या, नखाएवढे कवटीचे तुकडे आणि हिरडीतून अजून वर न आलेल्या दातांच्या कळ्या. चालकाला वाटते, कुणीतरी कोंबडी खाऊन हाडे टाकली आहेत. तो पुढचा घास घेतो. कुणा आईबापांनी आपल्या घरात पुरलेले बाळ टिप्परमध्ये पडते आणि रस्त्याच्या भरावात जाते. यात चालकाचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. ज्याने सांगायला हवे होते आणि सांगितले नाही, तो दोषी आहे.

त्या दातांच्या कळीवरून मूल किती महिन्यांचे होते ते कळते. बालपणी उपासमार किंवा मोठे आजारपण भोगले असेल, तर त्याची आडवी रेघ मोठेपणीच्या दातावर उरते. मराठवाड्याला दुष्काळाची एवढी जुनी नोंदवही दुसरीकडे कुठे मिळणार? उदयपूरजवळच्या बालाथलच्या सांगाड्यावरून चार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे कुष्ठरोग होता, हे 2009 मध्ये जगापुढे आले. हरियाणातल्या राखीगढीचे 61 नमुने तपासले, तेव्हा कुठे एकातून वाचण्याजोगा डीएनए मिळाला, आणि 2019 मध्ये त्या एका नमुन्यावर देशभर वाद पेटला. म्हणून सांगतो, कवटी हातात घेऊन सेल्फी काढणारा माणूस नुसता वेडाचार करत नाही, तो पुरावा मारतो. हाताचा घाम, एका दुपारचे ऊन, धुतलेले पाणी, एवढे पुरते.

चांगल्या हेतूनेही नासाडी होते. अमृतसरजवळ अजनाळ्याला 1857 च्या उठावातल्या 282 शिपायांना मारून एका विहिरीत टाकल्याचे लिखित होते. 2014 मध्ये लोकांनी श्रद्धेने ती विहीर उकरली, पण जाणकारांना बोलावले नाही. सांगाडे सुट्या हाडांचा ढीग होऊन वर आले; कुणाचा हात, कुणाची मांडी, काही कळेना. पुढे शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे दातांवर काम केले आणि 2022 मध्ये सांगितले की हे लोक गंगेच्या खोऱ्यातले होते. एवढे तरी कळले. विहीर नीट उकरली असती तर किती कळले असते!

आता झेंडे घेऊन येणाऱ्यांसाठी. खड्ड्यात सांगाडा निघाला की तासाभरात काठावर दोन गट उभे राहतात. एक म्हणतो आमचा साधू, दुसरा म्हणतो आमचा पीर. बसलेल्या स्थितीत दिसला की विचारूच नका. इनामगावचा रांजणातला माणूस बसलेला आहे, तो तीन हजार वर्षांपूर्वीचा. गुजरातेत वडनगरला 2019 मध्ये मांडी घातलेला सांगाडा निघाला, तो सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. लिंगायत समाज आजही आपल्या माणसाला बसवून, हाती इष्टलिंग देऊन निरोप देतो. गोसाव्यांत, नाथपंथीयांत बसती समाधी आहे. मग बैठकीवरून दहा मिनिटांत धर्म ठरवणारा कोण हा शहाणा? ज्या काळातली ही हाडे असू शकतात, त्या काळी आजच्या कोणत्याच जातीचे आणि पंथाचे नाव कुणी ऐकलेले नव्हते. काळ ठरेपर्यंत त्या जागी नारळ फुटणार नाही, चादर चढणार नाही, भाषण होणार नाही. जो करेल त्याचे नाव तक्रारीत जाईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो आणि आमच्या कितीही ओळखीचा असो.

गुप्तधनवाल्यांना दोनच वाक्ये. मढ्याखाली हंडा नसतो. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्याला 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सात वर्षांपर्यंत तुरुंग आहे. मणी, तांब्याच्या बांगड्या, भांडी विकणाऱ्यांनी 1972 चा पुरावस्तू कायदा वाचावा.

पुरातत्त्ववाल्यांनाही सोडणार नाही. तुम्ही अभ्यासू आहात, पण गावात येता, खणता, खोकी भरता आणि जाता. सरपंचाकडे पावती नसते, नेलेले कुठे ठेवले ते कुणाला ठाऊक नसते, अहवाल यायला माणसाचे आयुष्य सरते. वडनगरचा तो सांगाडा बाहेर काढल्यावर कित्येक वर्षे ताडपत्रीच्या निवाऱ्यात पडून होता. खात्याखात्यांच्या कागदांत तो अडकला आणि 2025 च्या मेमध्ये संग्रहालयाच्या आवारात पोहोचला. हिंगोलीत हे चालणार नाही. हाडाला हात लावण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी कळवा. काय नेले, किती नेले, कुठे ठेवणार, कोण तपासणार, हे मराठीत लिहून द्या. ज्या दफनभूमीचे वारस आज हयात आहेत, तिथे त्यांना विचारल्याशिवाय एक दातही हलवू नका. शक्य तिथे उचलूच नका. नोंद करा, झाका, आणि रस्त्याला बगल द्यायला सांगा.

बगल देता येत नाही, असे सांगणाऱ्यांनी न्यूयॉर्कचे उदाहरण पाहावे. 1991 मध्ये तिथे 34 मजली सरकारी इमारतीचा पाया खणताना गुलाम आफ्रिकी लोकांची दफनभूमी निघाली. काम रेटले गेले, यंत्राने काही दफने मोडली, आणि काळ्या समाजाने रस्त्यावर येऊन 1992 मध्ये सरकारला नमवले. 419 जणांचे अवशेष हॉवर्ड विद्यापीठात अभ्यासले गेले आणि 2003 मध्ये सन्मानाने परत त्याच भूमीत ठेवले गेले. 2006 पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. इमारतही झाली. फ्रान्सने 2001 मध्ये कायदाच केला, की बांधकामाआधी तपासणी होईल आणि खर्च बांधणारा देईल. आपल्याकडे असा सक्तीचा कायदा नाही. पण इच्छा होती तेव्हा आपणही केले आहे. कृष्णेवर नागार्जुनसागर बांधताना पाणी चढण्याआधी पुरातत्त्व खात्याने 1954 ते 1960 नागार्जुनकोंड्याचे खोरे खणून काढले. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर या आपल्या धरणांखाली किती पांढऱ्या आणि मसणवटे गेले, त्याचा हिशेब आता मागून उपयोग नाही. पुढचा मागू.

शेतकऱ्याची भीती मात्र खरी आहे आणि तिची थट्टा कुणी करू नये. हाड सापडल्याचे सांगितले तर रान सरकारजमा होईल, विहीर खणता येणार नाही, म्हणून तो गुपचूप नांगर फिरवतो. त्याला स्पष्ट सांगायला हवे: शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढच्या दोनशे मीटरला परवानगी, हा नियम केंद्राने संरक्षित जाहीर केलेल्या स्मारकांभोवती लागतो. बांधावर खापर निघाले म्हणून कुणाचे रान जात नाही. हे तहसीलदारांनी गावोगाव लेखी कळवावे. आमच्या सांगण्याला वजन नाही, शिक्क्याला आहे.

जुन्या दफनभूमींचे दुखणे वेगळे. लिंगायतांची रुद्रभूमी, मुसलमानांचे कब्रस्तान, गोसाव्यांच्या समाध्या, वस्तीबाहेरच्या मसणवट्याचे तुकडे. सातबाऱ्यावर यांची नीट नोंद नसेल तर कागदावर ते नुसते गायरान ठरते आणि गायरान म्हटले की सगळ्यांत आधी यंत्र तिथेच वळते. हिंगोली शहर तर निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होते. छावणीतली माणसे मेलीही इथेच. दफनाच्या जागी भावना दुखावतील हे ठाऊक असून आगळीक करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैदेचा. सातबाऱ्यावर काय लिहिले आहे, याने तो गुन्हा पुसला जात नाही.

तेव्हा आमचे मागणे. 1 मे हा महाराष्ट्र दिन, 1999 मध्ये परभणीतून वेगळा झालेल्या या जिल्ह्याचाही तो जन्मदिवस, आणि त्या दिवशी ग्रामसभा असते. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत या पाचही तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवारातल्या पांढऱ्या, जुन्या दफनभूमी, समाध्या, वीरगळ आणि माळावर दगडांचे गोल कडे असेल तर तेही, गट क्रमांकासह ठरावात लिहावे. नागपूरभोवती जुनापाणी, माहुरझरीला अशी शिळावर्तुळे म्हणजे लोहयुगातल्या माणसांची थडगी निघाली, माहुरझरीला तर तांब्याचा साज घातलेला घोडाही निघाला; आणि त्या भागातल्या कित्येक वर्तुळांचे दगड लोकांनी बांधकामाला नेले. जिल्हाधिकाऱ्यांनी त्या तारखेच्या आत एक परिपत्रक काढावे: हाड दिसले की काम बंद, पोलीस पाटलाला निरोप, जागेवर पंचनामा, पंचनाम्याला वैद्यकीय अधिकारी आणि राज्य पुरातत्त्व खात्याचा माणूस. अलीकडचे हाड असेल तर पोलिसांचे, ओळखीच्या दफनभूमीतले असेल तर त्या समाजाचे, जुने असेल तर अभ्यासाचे. हे पोलीस, वैद्यकीय अधिकारी आणि पुरातत्त्व खात्याचा माणूस या तिघांनी मिळून ठरवायचे, एकट्या ठाणेदाराने पोते शिवून नव्हे. आणि थांबलेल्या दिवसांचा दंड ठेकेदाराला लागणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे, नाहीतर तो लपवणारच.

परिपत्रक निघाले तर त्याच्या प्रती आम्ही स्वतः साईटवर नेऊन चिकटवू. न निघाले तर 1 मेनंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी सकाळी अकराला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक टेबलावर आमचा अर्ज पडेल, पोच घेऊ, आणि सोबत चालू असलेल्या प्रत्येक खोदकामाच्या कराराची प्रत माहितीच्या अधिकारात मागू. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करू, आणि सगळे कागद घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाऊ. दरम्यान जो कुणी हाडे मुरमाखाली दाबताना सापडेल, त्याच्या मशीनपुढे आम्ही बसू, आणि पंचनामा झाल्याशिवाय उठणार नाही.