आपले नट, त्यांचं शहर

गेल्या शनिवारी 'एक्स्ट्रॅक्शन' परत बघितला. २०२० च्या एप्रिलमधे, ऐन लॉकडाऊनमधे तो नेटफ्लिक्सवर आला तेव्हा आमचा अख्खा ग्रुप खूश होता. ख्रिस हेम्सवर्थसमोर रणदीप हुडा! पंकज त्रिपाठी! आणि हुडाची बायको झालेली नेहा महाजन तर आपली मराठी! हॉलिवुडनं एकदाचं आपल्याला घेतलं म्हणून मीपण धडाधड मेसेज टाकले होते.

तेव्हा आमच्या प्रोजेक्टवर ढाक्याचा एक टेस्टर होता. सोमवारच्या कॉलवर मी उत्साहानं विचारलं, "बघितलास का?" तो म्हणाला, "हो. तुमचे नट छान आहेत. आमचं शहर कुठे होतं?" मी हसून विषय बदलला. आता त्या हसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

गोष्ट साधी. मुंबईच्या तुरुंगात असलेल्या ड्रग माफियाच्या पोराला पळवून ढाक्याला नेतात आणि एक भाडोत्री सैनिक त्याला सोडवायला जातो. चेकलिस्ट काढली तर सिनेमा फर्स्ट क्लास पास. भारतीय नट आहेत, मोहीम चालवणारी बाई इराणी अभिनेत्री गोलशिफ्तेह फराहानी आहे. पण ज्या शहरात हे सगळं घडतं त्याचं काय? ढाका म्हणून दाखवलेलं बरंचसं अहमदाबाद आणि थायलंड. मुख्य बांगलादेशी खलनायक भारतीय नटांनी केलेले. त्यांच्या बंगालीला तिकडच्या प्रेक्षकांनी तेव्हाच नावं ठेवली. वर तो पिवळट रंग, गरीब देश दिसला की हॉलिवुड हमखास फासतं तो!

गंमत म्हणजे हा सिनेमा ज्या 'स्युदाद' नावाच्या २०१४ च्या ग्राफिक नॉव्हेलवरून घेतलाय, त्यातली गोष्ट पॅराग्वेमधल्या स्युदाद देल एस्ते शहरात घडते. पॅराग्वे काढला, बांगलादेश घातला, गोष्ट चालूच! आमच्या भाषेत सांगायचं तर शहर म्हणजे कॉन्फिग फाइलमधली एक ओळ. बदला आणि रन करा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, अ‍ॅक्शन सिनेमा आहे, डॉक्युमेंटरी नाही." मान्य. अपहरणाच्या सिनेमात गुन्हेगार लागणारच, आणि भीतीही वाटायला हवी. पण इथे पोलीस माफियाच्या खिशात, गच्चीवरची पोरं त्याच्याच टोळीत, पूल अडवलेले. गुन्हेगार एक टोळी असेल तर ती गोष्ट झाली. अख्खं शहरच अपहरणकर्ता दाखवलं तर तो त्या शहरावरचा आरोप झाला. फरहाद नावाच्या पोराला थोडं स्वतःचं आयुष्य दिलंय, पण तोही टोळीतलाच.

आणि असं न करताही थरार जमतो. २०१३ चा 'कॅप्टन फिलिप्स' बघा. त्यातले सोमाली चाचे शेवटपर्यंत गुन्हेगारच आहेत. पण मुसाला नाव आहे, डोक्यावर बसलेले बॉस आहेत, हा धंदा का करतो याचं उत्तर आहे. ते काम करणारा बर्खद अब्दी स्वतः सोमालियात जन्मलेला, आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. सिनेमाचा ताण कुठे कमी झाला?

खरा राग मला आपला येतो. हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हटलं की हवालदार नाहीतर कामवाली बाई, यावर आपण वर्षानुवर्षं चिडतोय. 'स्लमडॉग मिलियनेअर' आला तेव्हा मुंबई म्हणजे फक्त झोपडपट्टी का, म्हणून भांडलो. मग त्याच चुलीत शेजाऱ्याचं शहर गेलं तेव्हा आपण टाळ्या का वाजवल्या? केवळ आपल्या चार लोकांना काम मिळालं म्हणून?

त्या टेस्टरनं बग बरोबर पकडला होता. मी तो न वाचताच क्लोज केला.

असो. पुढचा अपहरणाचा सिनेमा बघाल तेव्हा एवढं करा. त्या शहरातला असा एक माणूस शोधा, जो टोळीत नाही आणि ज्याला निदान दोन वाक्यं बोलायला मिळालीत. सापडला नाही तर पोस्टरवर कितीही आपले चेहरे असोत, मेसेज टाकायच्या आधी जरा थांबा.