इंग्रजीच्या पदवीचा जमाखर्च

गांधीबागेत कापडाचा एक तागा घ्यायचा असला तरी आपला कारागीर चार दुकाने फिरतो आणि उधारीची मुदत ठरवून मगच माल उचलतो. मुलाच्या शिक्षणाची वेळ आली की हाच माणूस वही मिटून ठेवतो. कोणी सांगितले की इंग्रजीवाला उपाशी मरत नाही, की तो पैसे भरून मोकळा होतो. कोणी सांगितले की बी.ए. करून कोणाचे भले झाले, की मुलाला गल्ल्यावर बसवतो. हिशेब दोन्हीकडे होत नाही. तो आज मांडून पाहू.

आधी खर्चाची बाजू. नागपुरात राहून इंग्रजी विषयात बी.ए. करायला बँकेच्या कर्जाची गरज नाही. हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून आहे. मॉरिस कॉलेज १८८५ चे, आज ते वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नावाने चालते. कामठीच्या मुलांना पोरवाल कॉलेज घराजवळ आहे. सरकारी किंवा अनुदानित तुकडीत कला शाखेची फी हजारांत मोजतात, लाखांत नाही. एवढी रक्कम घरातून, नातेवाइकांकडून किंवा जमातीकडून कर्जे-हसना म्हणून उभी राहते. व्याजापासून दूर राहणाऱ्या घरांना ही वाट मुळातच सोयीची आहे.

कर्ज येते ते दुसऱ्या वाटेने. चकचकीत माहितीपत्रक घेऊन खाजगी विद्यापीठाचा माणूस भेटतो, किंवा मुलगा पुण्या-मुंबईच्या वसतिगृहाचा हट्ट धरतो. समजा, तीन वर्षांत दरवर्षी १ लाख असे ३ लाख उचलले. व्याज १० टक्के धरू. शिक्षणाची तीन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चालूच असते. सरळ व्याजाने तेवढ्यात ९० हजार चढतात. मग ३ लाख ९० हजारांची फेड पाच वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,२८६ रुपये. एकूण जवळजवळ ५ लाख गेले.

आता कमाईची बाजू. नुसत्या बी.ए.वर चांगली नोकरी लागत नाही हे मान्य करावे लागेल. शाळेत शिकवायचे तर बी.एड. हवे आणि तो अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा आहे. त्यानंतर भरतीची परीक्षा. इतके करून निवड झालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची. हे मानधन २०२३ मध्ये वाढले: माध्यमिकला ८,००० चे १८,००० झाले, कनिष्ठ महाविद्यालयाला ९,००० चे २०,००० झाले. विनाअनुदानित शाळेत याहून कमी पगारावर राबणारी मुले-मुली आपल्या मोहल्ल्यात सर्वांनी पाहिली आहेत. १८ हजारांतून सव्वाआठ हजार हप्त्याला गेले तर घरात काय येणार? शिवाय बँकेने मुदत वाढवून दिली नाही तर बी.ए.च्या कर्जाचा पहिला हप्ता मुलगा बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात असतानाच सुरू होतो. तो भरणार कोण? अर्थात दुकान.

या ठिकाणी व्यापारी बंधूंनी विशेष सावध राहावे. शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते, म्हणून ते हलके वाटते. पण त्या कागदावर मुलाबरोबर बापाची सही असते. तो सहकर्जदार असतो. हप्ते थकले की नोंद बापाच्याही सिबिलवर होते. मग दुकानाच्या सीसीचे नूतनीकरण अडते, ऐन रमजानच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर माल भरायला पैसा मिळत नाही. मुलाच्या पदवीपायी बापाचा धंदा गोत्यात येतो तो असा.

सरकारी सवलतीवर भिस्त ठेवू नये. २००९ पासूनची केंद्राची व्याज अनुदान योजना वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे, पण ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांना. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे ३ टक्क्यांचे कर्जही मुख्यतः त्याच अभ्यासक्रमांसाठी. परदेशी शिकणाऱ्या अल्पसंख्याक मुलांच्या व्याजाचा भार उचलणारी 'पढो परदेश' योजना २०२२ मध्ये बंद झाली. साध्या बी.ए.च्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही.

न्यायमूर्ती हिदायतुल्लाह यांचे नाव अशा वेळी हमखास निघते. मॉरिस कॉलेजचा हा विद्यार्थी केंब्रिजला गेला, बॅरिस्टर होऊन नागपुरात वकिली केली आणि १९६८ मध्ये देशाचा सरन्यायाधीश झाला. अभिमान जरूर बाळगावा. पण त्यांचे वडील सरकारी अधिकारी होते, घर शिकल्या-सवरलेले होते. मागावर बसणाऱ्याने त्या घराशी आपली तुलना करून कर्ज काढू नये.

मग इंग्रजी शिकवूच नये का? असे मुळीच नाही. स्वस्तात मिळणारी पदवी अवश्य घ्यावी. तिच्या आधारावर वकिलीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो, स्पर्धा परीक्षांना बसता येते, मिहानमधल्या कंपन्यांत अर्ज करता येतो. मुलींच्या बाबतीत तर हिशेब आणखी अनुकूल आहे. घराजवळची शाळा आणि संध्याकाळची शिकवणी मिळून जी कमाई होते, तिला ना दुकान लागते ना भांडवल. मात्र उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी वाङ्मय पहिल्या वर्षी जड जाते, हे प्रवेशाआधीच ओळखावे. कर्ज काढायचेच असेल तर ते दुसऱ्या पायरीसाठी काढावे, तेही मुलगा बी.ए. कसा झाला ते पाहून.

दुकानाला लागणारे इंग्रजी वेगळे आहे. जीएसटीची नोटीस, ऑनलाइन विक्रीच्या कंपनीच्या अटी, परप्रांतातल्या खरेदीदाराशी फोनवर चाललेला भाव. आता पत्राचा मसुदा मोबाइल करून देतो. पण अटींतली मेख ओळखणे आणि समोरच्याशी न अडखळता बोलणे हे माणसालाच करावे लागते. सकाळी कॉलेज करून दुपारनंतर गल्ल्यावर बसणारा मुलगा हे तीन वर्षांत शिकतो, आणि त्या काळात दुकानाचा एक नोकरही वाचतो. प्रवेशाचे दिवस जवळ आले की बापाने आधी अनुदानित तुकडीतल्या जागांची चौकशी करावी. खाजगी माहितीपत्रक त्यानंतर उघडावे.