समोर बसलेल्या मुलांविषयी

मा. अध्यक्ष, विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली यांस,


लैंगिक छळाविरुद्धचे आयोगाचे 2015चे विनियम महाविद्यालयांवर प्रबोधनाची जबाबदारी टाकतात. जात, वर्ग, प्रदेश, अल्पसंख्याक ओळख यांमुळे छळाचा धोका वाढतो आणि तक्रार करणं अवघड होतं, हेही त्यांत मान्य केलं आहे. ऐकायला बसवलेल्या मुलांचा मात्र असा विचार झालेला दिसत नाही. बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागाच्या मोहल्ल्यांतून येणारा मुसलमान विद्यार्थी 'लव्ह जिहाद'ची भाषा उठता-बसता ऐकतो. मध्य प्रदेश राज्याच्या 2021च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याची कलमं त्याला ठाऊक नसली, तरी धास्ती ठाऊक असते. अशा मुलापुढे प्रबोधनाच्या सत्रात पाहुण्या वक्त्याने नुसती कलमं आणि शिक्षा वाचून दाखवल्या, तर ती ताकीद आपल्यालाच आहे असं त्याला वाटणारच. आणि शेजारच्या बाकावरचा बहुसंख्याक मुलगा निर्धास्त होतो, हा विषय आपला नव्हेच म्हणून! वास्तविक राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो.

अमेरिकेत मेरी हेप्नर आणि सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वंशाचा उल्लेखच टाळणारा असाच प्रबोधनाचा कार्यक्रम आणि कृष्णवर्णीयांचे संदर्भ सामावून घेणारा कार्यक्रम यांची तुलना केली होती. दुसऱ्यात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं मन अधिक गुंतलं. मन गुंतलं म्हणजे वागणूक सुधारली असं नव्हे, हे कबूल. पण ज्याचं लक्षच नाही त्याची वागणूक व्याख्यानाने कशी बदलणार? आपल्याकडेही 1993पासून काम करणारी मुंबईची 'मावा' ही पुरुषांची संस्था महाविद्यालयीन मुलांनाच तयार करून त्यांच्या बरोबरीच्या मुलांशी बोलायला लावते.

कायदा सर्वांना एक, मग मुसलमान मुलांना वेगळा धडा कशाला, असं कोणी विचारील. वेगळा धडा नकोच. त्यांना निराळ्या खोलीत बसवणं हाच एक आरोप ठरेल. वर्ग एकच असावा, पण बोलणाऱ्यांत त्यांच्यातलाही कोणी असावा आणि जमातीवरच्या संशयाचा विषय आधी उघड निघावा. यातून मुलांना पळवाट मिळेल, हा आक्षेप मला उलटा वाटतो. अपमान झाल्याची सबब आज त्यांच्या हाती आहे. ती काढून घेतली की मुलीचा फोटो ग्रुपवर फिरवणं, नकार मिळूनही मागे लागणं, इज्जतीच्या नावाखाली बहिणीला गप्प बसवणं यांचा जाब त्यांना द्यावाच लागेल. शेजारच्या बाकालाही.

महाविद्यालयांकडून आपण वार्षिक अहवाल मागवता. त्यात सत्र कोणत्या भाषेत झालं, कोण बोललं आणि मुलांनी काय विचारलं, हेही नावं वगळून लिहायला सांगावं, ही विनंती.

आपला,
बुऱ्हाणपूरचा एक नागरिक