घंटा वाजली, पण ऐकली कुणी?

३० नोव्हेंबर २०१३. शनिवारचा दिवस. अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’चा सण दोनच दिवसांपूर्वी झालेला आणि नाताळच्या खरेदीला उधाण आलेलं. आपल्याकडे दसरा-दिवाळीत बाजाराचं जे होतं, तेच तिथे! ‘टार्गेट’ ही तिथली बडी दुकानसाखळी. देशभरात सुमारे १,८०० दुकानं. गिऱ्हाईक येत होतं, कार्ड घासत होतं, पिशव्या भरून जात होतं.

त्याच सुमारास हजारो मैलांवर, आपल्या बंगळूरमध्ये, पडद्यावर एक इशारा झळकला. ‘टार्गेट’च्या नेटवर्कमध्ये काहीतरी घातक शिरलंय! कंपनीच्या संगणकांवर रात्रंदिवस नजर ठेवणाऱ्या बंगळूरच्या चमूने तो इशारा तातडीने मिनियापोलिसच्या मुख्यालयात कळवला. आणि तिथे...? काहीच घडलं नाही.

२ डिसेंबरपासून कार्डांचे नंबर बाहेर वाहू लागले. इशारे पुन्हा आले. पुन्हा शांतता! अखेर १२ डिसेंबरला अमेरिकेच्या न्याय खात्याने कळवलं, तेव्हा कंपनी खडबडून जागी झाली. तोवर सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरांच्या हाती गेला होता. ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर अशी ७ कोटींपर्यंत माहिती गेली, ती वेगळीच.

घंटा नव्हती म्हणावं, तर काही महिन्यांपूर्वीच सुमारे १६ लाख डॉलर मोजून ती बसवलेली होती. वाजलीही वेळेवर. मग चुकलं कुठे?

हे कळायला ही पहाऱ्याची नोकरी असते तरी कशी, ते पाहायला हवं. एखाद्या हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या. गेटवर वॉचमनची वही असते. कोण आलं, किती वाजता, कुणाकडे, गाडीचा नंबर काय... कंपनीतला प्रत्येक संगणक अशीच वही लिहीत असतो. तिला म्हणतात ‘लॉग’. मोठ्या कंपनीत दिवसाला अशा लाखो-करोडो नोंदी होतात. माणसाने त्या वाचायच्या म्हटलं, तर जन्म पुरणार नाही. म्हणून सॉफ्टवेअर त्या चाळतं. चाळण्या दोन प्रकारच्या.

पहिली म्हणजे पोलीस चौकीच्या भिंतीवरचे फोटो. पूर्वी पकडल्या गेलेल्या घातक प्रोग्रॅमच्या खाणाखुणा साठवलेल्या असतात. तसा चेहरा दिसला, की घंटा! पण नवा चोर या चाळणीतून अलगद निसटतो.

दुसरी चाळणी सवयींची. दूधवाला पहाटे साडेपाचला येतो, हे वॉचमनला पाठ असतं. तोच रात्री दोनला किटली घेऊन उभा राहिला, तर? हिशेब खात्यातला कारकून रोज दहा ते सहा काम करतो. त्याच्याच नावाने पहाटे तीनला, परदेशातून कुणी पगाराची फाइल उघडली, तर? यात गुन्हा आहेच असं नाही. पण चौकशी करावी, असं नक्कीच आहे.

इथे यंत्राचं काम संपतं आणि माणसाचं सुरू होतं. पडद्यासमोर बसलेल्या विश्लेषकाला पारख करायची असते. इशारा कुठल्या संगणकावरून आलाय? कँटीनच्या मेन्यूचा, की ग्राहकांची कार्डं सांभाळणारा? ज्याचं नाव वापरलंय, तो कुठे आहे? त्याला फोन करा, विचारा. आधी काय घडलं, नंतर काय? एक विचित्र गोष्ट योगायोग असू शकते. पण वीस वेळा चुकीचा पासवर्ड, एकविसाव्या वेळी बरोबर आणि त्याच रात्री माहितीचं मोठं गाठोडं बाहेर गेलेलं... या कड्या जुळल्या, की साखळी तयार होते. मग तो संगणक नेटवर्कपासून तोडायचा. मात्र घाईने बंद करायचा नाही! बंद केला, की त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतला पुरावाही पुसला जातो.

ऐकायला सोपं वाटतं. पण असे इशारे दिवसाला शेकड्याने, कधी हजारांनी येतात आणि त्यातले बहुतेक फुसके निघतात. कुणी पासवर्ड विसरलेला असतो, कुणी नवा प्रिंटर जोडलेला असतो. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण पोराच्या बाजूने ऐकतो. गावकऱ्यांच्या बाजूने ऐकली, तर ती या विश्लेषकांची गोष्ट आहे. शंभरदा धावून गेलेला माणूस एकशेएकाव्या वेळी जागचा हलत नाही.

याउलट, कान किती तिखट असावा? १९८६चा ऑगस्ट महिना. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञावर संगणक सांभाळायची वेळ आली होती. हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला. अवघ्या ७५ सेंटचा! कुणीतरी ९ सेकंद संगणक वापरला होता आणि पैसे भरले नव्हते. दुसरा असता, तर म्हणाला असता, जाऊ दे, पदरचे घालू. स्टोल मात्र हटून बसला. सुट्टीच्या दिवशी सहकाऱ्यांच्या टेबलांवरून त्याने पन्नासेक टर्मिनल आणि प्रिंटर उचलून आणले, बाहेरून येणाऱ्या टेलिफोन लाइन्सना जोडले आणि तिथेच मुक्काम ठोकला. पाहुणा आला आणि त्याची प्रत्येक कळ कागदावर उमटली. तो लष्करी संगणकांमध्ये डोकावत होता!

स्टोलने ‘एफबीआय’कडे धाव घेतली. पण डॉलरभरही नुकसान नाही म्हटल्यावर तिथे कोण दाद देणार? त्याने चिकाटी सोडली नाही. क्षेपणास्त्र प्रकल्पाच्या बनावट फाइली रचून आमिष लावलं. पाहुणा वाचत बसला आणि तेवढ्या वेळात फोनचा माग थेट पश्चिम जर्मनीतल्या हॅनोवरपर्यंत लागला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार चोरलेली माहिती सोव्हिएत ‘केजीबी’ला विकत होते. १९९०मध्ये त्यांना शिक्षा झाली. ७५ सेंटचा शेवट हेरगिरीच्या खटल्यात!

आता पुन्हा ‘टार्गेट’कडे. चोर शिरले, ते वातानुकूलन यंत्रणेचं काम करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराचा पासवर्ड चोरून. म्हणजे दिवाणखान्याला तीन कुलपं आणि एसी दुरुस्त करणाऱ्याची किल्ली दाराबाहेर! आलेल्या इशाऱ्याला ओळखीचं नावही नव्हतं. अनोळखी घातक प्रोग्रॅमला यंत्र देतं ते सरसकट लेबल होतं, असं पुढे प्रसिद्ध झालं. घातक प्रोग्रॅम आपोआप नष्ट करायची सोयही त्या यंत्रणेत होती, पण ती बंद ठेवलेली होती. यात वावगं काही नाही. अनेक ठिकाणी तसंच करतात. शेवटचा निर्णय यंत्राने नव्हे, माणसाने घ्यावा म्हणून! पण निर्णय हाती ठेवायचा आणि घ्यायचा नाही, याला काय म्हणावं? कंपनीने नंतर सांगितलं की, इशारा पाहिला गेला होता, पण त्यावर तातडीने काही करण्याची गरज नाही असं ठरलं. मे २०१४मध्ये कंपनीचे प्रमुख पायउतार झाले. २०१७मध्ये अमेरिकेतल्या ४७ राज्यांशी १ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

हे दूर अमेरिकेत घडलं म्हणून निश्चिंत राहायचं कारण नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये असाच हल्ला झाला. ११ तारखेला अनेक देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये! आणि ११ तारीख होती शनिवारची. ‘टार्गेट’चा इशाराही शनिवारचाच. चोरांचं कॅलेंडर पक्कं असतं. आपल्याला सुट्टी, तो त्यांचा कामाचा दिवस!

एप्रिल २०२२मध्ये केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने कंपन्यांना आदेश दिला. हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवा आणि वॉचमनची ती वही, म्हणजे लॉग, १८० दिवस जपून ठेवा. नियम चांगलाच आहे. पण ‘लक्षात आल्यापासून’ या शब्दांतच सगळी मेख आहे. लक्षात आणून देणारा कुणी हवा आणि त्याचं ऐकणाराही कुणी हवा.

यात तुमचा-आमचा वाटाही मोठा आहे. ऑफिसात चुकून भलत्याच लिंकवर बोट पडलं, तर कित्येकजण साहेब ओरडतील या धाकाने गप्प बसतात. तेच चोराला हवं असतं. त्याच मिनिटाला सांगा. आणि साहेबांनीही आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणावं, रागवायचं ते नंतर. घरी बँकेच्या खात्यातून न कळत पैसे गेले, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका. स्टोलची तर फक्त ७५ सेंटची होती.

बंगळूरच्या त्या चमूने घंटा ऐकली, पुढे कळवली. त्यांच्या हातात तेवढंच होतं. पुढची बारा दिवसांची गोष्ट फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यांची आहे.