मानपत्र की सिपासनामा?

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातील क्रिकेट क्लबची पोरे शाळेत आली. "सर, मामूंचा सत्कार ठेवलाय. मानपत्र तुम्हीच लिहा." निकाहाची पत्रिका असो की बँकेचा अर्ज, मजकूर लिहायची वेळ आली की मास्तर आठवतो. आम्ही होकार दिला आणि विचारले, मामूंच्या धावा किती, विकेट किती? पोरे एकमेकांकडे बघू लागली. स्कोअरच्या जुन्या वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या होत्या. नक्की एवढेच की मामू 27 वर्षे याच क्लबकडून खेळले.

मामू काही नावाजलेले खेळाडू नव्हेत. डाव्या हाताने संथ फिरकी टाकतात आणि फलंदाजीला दहाव्या नंबरावर येतात. पण भातकापणी झाली की फावडे घेऊन शेतात पहिले उतरतात ते मामूच. ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, माती चोपायची, तेव्हा कुठे त्या खाचरात पिच तयार होते. बॅटी, पॅड, स्टंप सगळे त्यांच्याच पडवीत. जुम्म्याची नमाज सांभाळून मॅचची वेळ लावणारे तेच, आणि रोजा असलेल्या पोराला भर उन्हात उभे करू नका म्हणून भांडणारेही तेच.

एवढ्यावर मानपत्र होत नाही असे आम्हाला वाटले. मग मोठे उदाहरण शोधले, पद्माकर शिवलकरांचे. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. 1961-62 साली पहिला प्रथम श्रेणी सामना, 1987-88 मध्ये वयाच्या 47व्या वर्षी शेवटचा. 124 सामने, 589 विकेट. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूला त्यांच्याच मद्रासमध्ये गाठून एका डावात 16 धावांत 8 गडी बाद केले. तरी भारताकडून एकही कसोटी मिळाली नाही, कारण तो काळ बिशनसिंग बेदींचा होता. दुसरा एखादा कडवट झाला असता. शिवलकर आपल्या शिवाजी पार्क जिमखान्याकडून खेळत राहिले, चाळिशी उलटल्यावरही. मुंबईच्या क्लबांची कांगा लीग 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात. तिथे पैसा नाही, टीव्ही नाही. 2025 च्या मार्चमध्ये ते वारले.

हे सगळे मामूंना वाचून दाखवले. ते हसले. "सर, त्यांच्या विकेट लिहिलेल्या तरी आहेत. माझ्या कोण मोजणार? काढून टाका ते."

पोरांच्या मनात वेगळेच होते. निघताना एकजण हळूच म्हणाला होता, "शेवटी निवृत्तीच्या दोन ओळी टाका, सर." म्हणजे शाल घालायची आणि जागा रिकामी करून घ्यायची. एक तरणा गोलंदाज तयार होता. पोरांनाही दोष देववत नाही, मामूंच्या हातून आता कॅच सुटतात. निरोपाच्या शालीआड काय असते ते आम्ही शाळेत पुष्कळदा पाहिले आहे. तरी त्या दोन ओळी आम्ही लिहिल्या, हे कबूल केले पाहिजे.

तारखा विचारायला घरी गेलो तेव्हा भाभी म्हणाल्या, "पांढऱ्या कपड्यांवरचा मातीचा डाग जात नाही, सर. ते पण लिहा." 27 वर्षांचे रविवार त्यांनी त्या डागांसोबत काढले होते. माहेरची किती लग्ने त्यांनी एकटीने केली, तेही त्यांनी बोटावर मोजून सांगितले. सत्काराचे बोलावणे त्यांना नव्हते. कोणाला सुचलेच नव्हते, आम्हालासुद्धा.

रात्री कागद पुढे घेतला आणि आमच्यातला उर्दूचा मास्तर जागा झाला. उर्दूत मानपत्राला सिपासनामा म्हणतात. सिपास म्हणजे शुक्रिया. मराठी शब्द मान देतो, उर्दू शब्द आभार मानतो. क्लबकडे मामूंचे देणे होते ते आभाराचे, आणि आम्ही मोठ्या माणसाचे आकडे आणून मान जुळवत बसलो होतो. तो कागद फाडला. नवा लिहिला त्यात फावडे आले, पडवी आली, पाय मोडलेल्या पोराला स्कूटरवर दवाखान्यात नेले तो दिवस आला, भाभींचा साबणही आला. निवृत्तीच्या ओळी गळल्या.

समारंभाला भाभी पहिल्या रांगेत होत्या, आम्ही स्वतः बोलावून आणल्या होत्या. वाचन संपले तेव्हा दोन-तीन पोरे आमच्याकडे रागाने बघत होती. मामूंनी शाल घेतली, घडी करून भाभींच्या मांडीवर ठेवली आणि माइकवर एवढेच विचारले, "रविवारी पिचला पाणी कोण मारणार?"

त्या रविवारी आम्ही मुद्दाम गेलो. संघाच्या यादीत मामूंचे नाव नव्हते. त्यांनीच खोडले होते. पाण्याचा पाइप हातात धरून ते खाचरात उभे होते, आणि तो तरणा गोलंदाज शेजारी ढेकळे फोडत होता.