टेप आणि सैनिकाची नोकरी

अमेरिकी नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये चरबी मोजण्याचं सूत्र दिलं. पुरुषाच्या पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा करायचा, उंची हिशेबात धरायची, की टक्केवारी हाती येते. स्त्रियांसाठी कंबर, नितंब आणि मान. म्हणजे मान जितकी जाड, तितकी चरबी कमी दिसणार! अशा अंदाजात तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि हेच सूत्र वापरणाऱ्या अमेरिकी लष्करात विशीच्या आतल्या पुरुष सैनिकाला मर्यादा होती २० टक्क्यांची. एवढ्या फरकाने मर्यादा ओलांडली म्हणून कुणाची बढती अडावी, हे मला अन्यायाचं वाटतं. २०२३ मध्ये लष्कराने मान वगळली, बेंबीपाशी एकच माप ठेवलं; शिवाय तेव्हाच्या शारीरिक चाचणीत ६०० पैकी ५४० गुण मिळवणाऱ्याला टेपच्या मोजमापातून सूट दिली. ही सूट मला सर्वांत मोलाची वाटते.