प्रेक्षकाचा बाहुला निघत नाही

अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या व्यवसायात एखादी मालिका मंजूर करण्यापूर्वी तिचा एक नमुना-भाग तयार करून घेण्याची जुनी वहिवाट आहे, आणि अशा नमुन्यांपैकी बरेचसे, ज्यांनी ते खपून केले त्यांच्या आप्तेष्टांखेरीज इतर कोणाच्याही दृष्टीस न पडता, कायमचे दफ्तरदाखल होतात. यात काही विशेष अन्याय आहे असे मी म्हणत नाही. मुद्रकापर्यंत न पोहोचलेली हस्तलिखिते आपल्याकडच्या माळ्यांवरही कमी नाहीत. परंतु जवळजवळ पुरी झालेली चित्रेसुद्धा, दाखविण्यापेक्षा न दाखविण्यातच कराच्या हिशेबाने फायदा अधिक म्हणून, कुलपात घालण्याचा जो प्रघात अलीकडे पडला आहे तो निराळा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या कंपनीने ‘बॅटगर्ल’ हा चित्रपट आणि स्कूबी-डूचा नाताळावरचा कार्टूनपट असे दोन्ही एकाच हुकुमाने रद्द केले. त्यांपैकी दुसऱ्याचे पार्श्वसंगीत, ध्वनिमुद्रणाच्या जागेचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे, चित्र रद्द झाल्यानंतर वादकांनी वाजवून पुरे केले. ज्याला श्रोता मिळणार नाही हे ठरून चुकले आहे असे संगीत त्या दिवशी कोणत्या मनःस्थितीत वाजविले गेले असेल, याची कल्पना करून पाहावी.

या कुलूपबंद मालाचा विचार करताना मला एका विशिष्ट मालिकेची आठवण, ती न पाहताच, पुनःपुन्हा होते: व्यावसायिक कुस्तीच्या किशोरवयीन शौकिनांवर रेखाटलेली मालिका. मल्लांवरची नव्हे, शौकिनांवरची. अशी मालिका काढावी ही कल्पना ज्याच्या कोणाच्या डोक्यात येईल त्याची गाठ प्रथम त्या दफ्तराशीच पडणार; तिचे भाग पुरे झाले आणि प्रक्षेपणाची वेळ मात्र आली नाही, तर मला आश्चर्य वाटणार नाही, वाईट मात्र वाटेल.

आश्चर्य का वाटणार नाही, याची कैफियत थोडी इतिहासात आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरचे निर्बंध उठविले आणि कार्टून मालिका म्हणजे खेळण्याची अर्ध्या तासाची जाहिरात, हे समीकरण पक्के झाले. पुढच्याच वर्षी, १९८५ च्या सप्टेंबरात, सीबीएस वाहिनीवर शनिवारच्या सकाळी हल्क होगनची कार्टून मालिका सुरू झाली. होगन सज्जनांचा पुढारी, रॉडी पायपर दुर्जनांचा. इराणचा आयर्न शेख आणि ‘रशियन’ म्हणून गाजविलेला निकोलाय वोल्कॉफ हे अर्थातच पायपरच्या टोळीत. होगनचा आवाजसुद्धा होगनचा नव्हता, तो ब्रॅड गॅरेट या नटाने दिला होता. २००२ मध्ये ‘मुचा लुचा’ ही मेक्सिकन मुखवटाधारी कुस्तीवरची मोठी गमतीदार मालिका आली, तिच्यात मुले होती हे खरे, पण ती कुस्तीच्या शाळेतली मुले, स्वतःच मुखवटे घालून रिंगणात उतरणारी. २०१४ मध्ये मॅटेल या खेळणी-कंपनीच्या भागीदारीने जी मालिका निघाली तिच्यात मल्लांना नोकरीवरून काढून साध्या धंद्यांना लावले होते. आणि २०१६ च्या ‘कॅम्प डब्ल्यूडब्ल्यूई’ने तर कमाल केली: अखेर एकदा मुले काढायची ठरली, तर त्यांनी मल्लांनाच लहान करून शिबिरात नेऊन ठेवले! एवढ्या वर्षांत इतकी शाई सांडली, पण कुंपणाच्या अलीकडे, खुर्चीवर उभा राहून घसा फाडून ओरडणारा तो पंधरा वर्षांचा पोर, ज्याच्या खिशातल्या पैशावर हा सारा डोलारा उभा आहे, तो चित्रात पार्श्वभूमीच्या ठिपक्यांपलीकडे आला नाही. कारण उघड आहे. मल्लाचा बाहुला विकता येतो, प्रेक्षकाचा बाहुला कोण घेणार?

पण बाहुल्याचा हिशेब हे कारणाचे एक अंग झाले. दुसरे अंग म्हणजे या शौकिनाविषयीची तुच्छता, आणि तिच्यात आपण वडील माणसेही सामील आहोत.

माझे मेहुणे सांगलीला राहतात. त्यांचे वडील तरुणपणी तालमीत घुमलेले, लाल मातीचा अभिमान बाळगणारे. त्यांची नात, म्हणजे माझी भाची, दहावीच्या वर्षात असूनही ही विलायती कुस्ती नेमाने पाहते. गेल्या दिवाळीत मी तेथे असताना आजोबांनी नेहमीचा निकाल दिला, “अगं, नुरा कुस्ती ही. सगळं ठरवून चाललंय.” तिने पडद्यावरची दृष्टी न काढता उत्तर दिले, “आजोबा, ठरलंय ते मलापण माहितेय. पण तो वरून पडला ना, तो खरंच पडला.” मग तिने आम्हा दोघांची शिकवणीच घेतली. पडणारा हनुवटी छातीशी लावतो, पाठीचा वरचा भाग सपाट टेकेल असा पडतो आणि त्याच क्षणी दोन्ही हात जमिनीवर आपटतो. त्याने धक्का विभागला जातो आणि आवाजही मोठा होतो. खाली लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळसा फोम आणि वर कॅनव्हास, गादी अशी काही नाही. मार खाणाऱ्याने तो मार खरा भासविणे याला ‘सेलिंग’ म्हणतात, खलनायकाला ‘हील’, सज्जनाला ‘फेस’; पंच मधूनच वाकून बोलतो तो पुष्कळदा निरोप पोहोचवीत असतो. आजोबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी नातीला हळूच विचारले, “त्या काळ्या झग्यावाल्याचं पुढं काय झालं गं?”

खोटे आहे हे जाणणे आणि तरीही त्या खोट्याला स्वखुशीने संमती देणे, ही रसिकतेची फार वरची पायरी आहे, असे माझे मत आहे. दशावतारात गदा फिरविणारा राक्षस हा सकाळी आपल्याच शेजारी भात लावणारा गृहस्थ आहे हे कोकणातल्या प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. रोलाँ बार्त या फ्रेंच विद्वानाने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात या कुस्तीला खेळ न मानता नाट्यप्रयोग मानले आणि तिच्या प्रेक्षकाची बूज राखली. धंद्यातील लोकांनी मात्र तेवढी उदारता दाखविली नाही. ते आपल्या गुपिताला ‘केफेब’ म्हणत आणि प्राणपणाने जपत. १९८७ मध्ये हॅक्सॉ जिम डगन आणि आयर्न शेख हे रिंगणातले हाडवैरी न्यू जर्सीत एकाच मोटारीत मादक द्रव्यांसह पोलिसांच्या हाती लागले, तेव्हा या वर्तुळात खरा गहजब झाला तो द्रव्यांमुळे नव्हे, तर दोघे एका गाडीत बसले कसे याबद्दल! पुढे दोनच वर्षांनी त्याच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने, क्रीडा-नियामकांची देखरेख आणि करवसुली टळावी म्हणून, ही कुस्ती केवळ करमणूक आहे असा लेखी कबुलीजबाब दिला. शतकभर जपलेले गुपित सरकारी फीसाठी विकले गेले. आणि झाले काय? प्रेक्षक घटला नाही. त्याला आधीच ठाऊक होते.

किंबहुना तो केवळ जाणता नाही, तो सहलेखक आहे. २०१४ च्या आरंभी कंपनीने ज्याला मोठा करायचे ठरविले होते त्याला पिट्सबर्गच्या प्रेक्षागृहाने हुर्यो करून अक्षरशः नामंजूर केले, कारण त्यांना हवा होता तो डॅनियल ब्रायन, उंचीने बेताचा, दाढी वाढलेला, कंपनीच्या मापात न बसणारा. आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रेसलमेनियात आधी ठरलेला बेत मोडून अजिंक्यपद ब्रायनलाच द्यावे लागले. कोणत्या नाटकाच्या प्रेक्षकाने तिसरा अंक असा बदलून घेतला आहे?

आपल्याकडच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ‘फ्री स्टाइल’ लढतींनी मागच्या पिढीला वेड लावले होते. १९६८ च्या मे महिन्यात याच मुंबईत दारासिंगांनी लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद घेतले. नव्वदीच्या दशकात शाळेच्या बाकांखाली या मल्लांच्या पत्त्यांचा जो व्यवहार चाले, त्यात उंची, वजन, छाती, दंड असे आकडे छापलेले असत आणि गणितात नापास होणारी मुले ते आकडे कुळकर्ण्याच्या चोखपणाने तोंडपाठ म्हणत. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’ या चित्रपटात अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलले म्हणून वर्गावर्गात वाद माजले. तो अंडरटेकर खरा नव्हता, ते सोंग ब्रायन ली नावाच्या मल्लाने घेतले होते. आणि मौज अशी की, त्याआधी दोन वर्षे अमेरिकेतल्या रिंगणातही तोतया अंडरटेकर म्हणून याच लीला उतरविले होते. तोतयाचा हा तोतया पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या देशात मुलांनी ओळखून काढला, याचे श्रेय त्यांना कोणी दिले नाही.

यावर पालकांचा एक आक्षेप आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. मुले पाहतात ते करून पाहतात, आणि घरच्या पलंगाखाली फोम नसतो. शिवाय ठरलेल्या खेळातही मृत्यू ठरवून येत नाही: १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छताजवळून रिंगणात उतरविला जात असताना कोसळला व मरण पावला, आणि संयोजकांनी कार्यक्रम पुढे चालू ठेवला. त्या रात्री प्रेक्षागृहात बसलेल्या मुलांना हा खेळाचा भाग की खरे, हे किती वेळ समजले नसेल? पण म्हणूनच तर त्या मुलांची गोष्ट सांगायला हवी. बाहुल्यांच्या मालिकेला हा प्रश्न विचारता येत नाही. शौकिनांच्या मालिकेला तो टाळता येणार नाही.

ती सांगता येते, याचा पुरावा जपानात आहे. इक्की काजिवारा यांची कथा आणि नाओकी त्सुजी यांची चित्रे असलेली ‘टायगर मास्क’ ही चित्रकथा १९६८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिची कार्टून मालिका निघाली. १०५ भाग चालली. नायकाचे नाव दाते नाओतो. (हे दाते आपल्या दात्यांपैकी नव्हेत, पण पुढची हकिगत वाचल्यावर तसा संशय येतो.) अनाथाश्रमातून पळालेला हा मुलगा ‘वाघाची गुहा’ नावाच्या दुष्ट संस्थेत तयार होतो, वाघाचा मुखवटा घालून अमेरिकेत क्रूर खलनायक म्हणून नाव काढतो आणि परत येतो, तेव्हा आश्रमातला केंटा नावाचा पोरगा त्याला मोठ्या कौतुकाने सांगतो की, आपल्याला टायगर मास्कसारखाच खलनायक व्हायचे आहे. मल्ल बदलतो तो या एका वाक्याने. तो नियमाने लढू लागतो, गुहेला द्यावयाचा कमाईचा हिस्सा आश्रमाला देतो आणि गुहेचे मारेकरी अंगावर ओढवून घेतो. संपूर्ण कथा हलविणारी कळ रिंगणात नाही, ती पाहणाऱ्या मुलाच्या हाती आहे. १९८१ मध्ये हा मुखवटा चढवून सातोरू सायामा हा हाडामांसाचा मल्ल तोक्योत डायनामाइट किडविरुद्ध उतरला आणि चित्रातला वाघ खरा झाला, ही या कथेची लोकांना ठाऊक असलेली फलश्रुती. मला तिच्याहून मोलाची वाटते ती दुसरी.

२०१० च्या नाताळच्या दिवशी माएबाशी या गावी सरकारी बालकल्याण केंद्राच्या दारात कोणी दहा नवी शाळेची दप्तरे ठेवून गेले. पुढच्या काही आठवड्यांत जपानभर अशाच भेटी येऊ लागल्या. त्या पहिल्या दहा दप्तरांबरोबर एक चिठ्ठी होती, आणि तिच्यावर नाव होते दाते नाओतो.